भुतांची तालीम

ज्या दिवशी भाजी अळणी झाली आणि घरात कुणी तक्रारीचा चकार शब्द काढला नाही, त्या दिवशी माझी बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली.

रेवती भाजीपायी रडणाऱ्यांतली नाही. मागं एकदा होळीला तिचं अख्खं पुरण करपलं, तेव्हा ती शांतपणे पिझ्झा मागवून मोकळी झाली होती. ती रडली अण्णांसाठी. अण्णा म्हणजे तिचे वडील आणि माझे सासरे. मुक्काम सांगली, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. खात्यानं त्यांना पगार दिला आणि त्यांनी आयुष्य नाटकाला दिलं. दरवर्षी राज्य नाट्यस्पर्धेसाठी नाटक बसवायचं, दरवर्षी परीक्षकांशी भांडायचं आणि दरवर्षी उत्तेजनार्थ पारितोषिक घेऊन घरी यायचं, हा त्यांचा कुळाचार. दिवाणखान्यातल्या कपाटात सगळी उत्तेजनार्थ चिन्हं ओळीनं मांडलेली आहेत. "पहिला नंबर ओळखीवर मिळतो, जावईबापू. उत्तेजनार्थ मात्र गुणांवर," असं ते सांगतात, आणि ऐकणारा हसला तर त्याला पुन्हा सांगतात.

ते २०२० च्या फेब्रुवारीत आमच्याकडे डब्लिनला आले ते तीन महिन्यांसाठी. पुढं काय झालं ते साऱ्या जगाला माहीत आहे. आधी विमानं बंद झाली. विमानं सुरू झाली तेव्हा रेवतीनं त्यांना सोडलं नाही, कारण सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि सांगलीच्या रिकाम्या फ्लॅटवर असल्या दिवसांत वडिलांना कोण पाठवेल? आयरिश सरकार व्हिसाची मुदत वाढवत गेलं आणि रेवती मुक्काम वाढवत गेली. अशा रीतीनं अण्णा डब्लिनच्याच सँडीफोर्ड भागात, आमच्या तिसऱ्या मजल्यावर अडकून पडले.

पहिलं वर्ष झकास गेलं, कारण अण्णा सगळ्याला नावं ठेवत होते. रोजचे आकडे सांगणाऱ्या टीव्हीवरच्या बाईला ते "आवाज पोटातून काढ" म्हणून सांगायचे. खालून जाणारी लुआस ट्राम एकदाच घंटा वाजवते, यावर त्यांचा आक्षेप होता. घंटा द्यायच्या तर नाटकाआधीसारख्या तीन द्याव्यात, नाहीतर देऊ नयेत. माझ्या ऑफिसच्या मीटिंगा घरून चालायच्या, तेव्हा दाराआडून सूचना यायची, "वाक्याचा शेवट खाताय!" मला याचा राग यायचा हे मी लपवत नाही. पण या उन्हाळ्यापासून अण्णा हळूहळू गप्प होत गेले. खिडकीशी खुर्ची टाकून ट्राम बघत बसायचे. चहा कसा झालाय विचारलं तर म्हणायचे, "ग्रँड."

हा शब्द त्यांना आयर्लंडनं दिला. इथं ग्रँड म्हणजे उत्तम, ठीक, चालेल, असू दे, आणि मेलो तरी तुम्हाला त्रास नको, यांपैकी काहीही असू शकतं. अण्णांचं ग्रँड शेवटच्या जातीचं होतं. अळणी भाजीसुद्धा ग्रँड झाली, तेव्हा रेवतीचा धीर सुटला.

"गिरीश, ते नावं ठेवत नाहीयेत रे," ती कपाटाला टेकून म्हणाली. इथल्या भाषेत कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता आम्हीही म्हणतो, पण रडताना माणूस कपाटालाच टेकतो. "आई गेली तेव्हासुद्धा त्यांनी भटजींचे उच्चार सुधारले होते."

यावर उपाय निघाला तो आमच्या कन्येकडून. स्वरांगी दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, विशेषतः तिच्याबद्दल बोललेलं, पण उत्तर येतं ते डब्लिनच्या सुरातल्या इंग्रजीत. वेक्सफर्डच्या समुद्रकिनाऱ्यावर एक हॉलिडे पार्क आहे. तिथं हॅलोविनला भुतांचा भुलभुलैया उभारतात, आणि वर्गातलं एकूण एक मूल तिथं जाऊन आलंय, असं तिचं म्हणणं होतं. गेल्या वर्षी सगळं बंद होतं, म्हणून यंदा तो दुप्पट भयंकर आहे.

"डॅड, इट्स डेडली," ती म्हणाली. इथं डेडली म्हणजे फारच छान. या देशात शब्दांवर विसंबून राहता येत नाही.

"अण्णांना घेऊन जाऊ या," रेवती म्हणाली. "समुद्र आहे. हवापालट होईल."

"भुतं दाखवून?"

"दोन वर्षं आपली तोंडं बघतायत. भुतांनी आणखी काय बिघडणार आहे?"

इथं मला एक गोष्ट सांगणं भाग आहे. मी अंधाराला घाबरतो. हे रेवतीला माहीत आहे, स्वरांगीला संशय आहे, आणि अण्णांना कळू नये म्हणून मी लग्नापासून झटतोय. आधीच त्यांच्या लेखी माझी पत बेताची. बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी पगार विचारला नव्हता. विचारलं होतं, "नाटकात काम केलंय का?" मी खरं ते सांगितलं, "कॉलेजच्या गॅदरिंगला पडदा ओढलाय." ते म्हणाले, "कुठल्या बाजूचा?" मी म्हणालो, "डाव्या." अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. लग्न झालं, पण सांगलीत पाहुण्यांना माझी ओळख अजून "आमचे पडदेवाले" अशीच करून देतात.

बेत ठरल्याची बातमी वरच्या मजल्यावर पोचायला वेळ लागला नाही. वर डॉक्टर पद्मिनी आणि त्यांचे यजमान हरीश राहतात, दोघंही नागपूरचे. पद्मिनीताई इथल्या सरकारी हॉस्पिटलात आहेत. त्या रक्तदाबाचं यंत्र घेऊनच खाली आल्या. त्यांनी अण्णांचा दाब तपासला, मग सहज म्हणून माझा तपासला, आणि म्हणाल्या, "अण्णांना खुशाल न्या. तुम्ही घरी राहिलात तर बरं नाही का होणार?"

हरीशचा सल्ला तांत्रिक होता. तो अशा एका भुलभुलैयात जाऊन आला होता. "हे पहा गिरीशभाऊ, भुतं पहिल्याला धरतात नाहीतर शेवटच्याला. मधल्याले कोणी विचारत नाही. मध्ये राहा."

हा सल्ला मला फार पटला. मी आयुष्यभर तेच करत आलोय.

बुकिंग हे वेगळंच पुराण. संकेतस्थळाला प्रत्येक मोठ्या माणसाचा आयरिश फोन नंबर हवा होता, आणि अण्णांचा नंबर सांगलीचा. तो टाकला की पान लाल व्हायचं. माझाच नंबर दोनदा टाकला तर एकच माणूस दोनदा घाबरू शकत नाही अशा अर्थाची सूचना यायची. शेवटी फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, "यू'ल बी ग्रँड." म्हणजे काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शनिवारी आम्ही निघालो. पार्कमध्ये राहायला मोबाइल होम मिळालं. मोबाइल होम म्हणजे चाकं असलेलं आणि तरी कुठंही न जाणारं घर. पाऊस आडवा येत होता, छप्पर वाजत होतं, समुद्र राखाडी होता आणि न्हाणीघराचं दार लागत नव्हतं. रेवतीनं आशेनं विचारलं, "अण्णा, कसं आहे घर?"

"ग्रँड," अण्णा म्हणाले. ती माझ्याकडे बघून खिन्न हसली.

संध्याकाळी आम्ही मास्क लावून रांगेत उभे राहिलो. फाटकावरच्या पोरगेल्या रखवालदाराला लशीचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र हवं होतं. रेवतीनं आणि मी फोन पुढं केले. अण्णांनी कोटाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. निवृत्त सरकारी माणसाला एक कागद मागितला की तो सगळे देतो. त्यात लशीचं प्रमाणपत्र होतं, पासपोर्ट होता, आधार कार्ड होतं, आणि पेन्शनसाठी दर नोव्हेंबरला लागतो तो हयातीचा दाखलाही होता. परदेशातून द्यायचा म्हणून तो इंग्रजीत, सहीशिक्क्यानिशी केलेला.

रखवालदारानं तो वाचला. मग पुन्हा वाचला. "इथं लिहिलंय," तो मला हळूच म्हणाला, "की हे गृहस्थ जिवंत आहेत."

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्यानं मागच्या काळ्याकुट्ट दाराकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. "फेअर प्ले टू हिम," म्हणजे शाबास यांची, म्हणाला आणि आम्हाला आत सोडलं. भुताच्या घरात शिरताना स्वतःच्या जिवंतपणाचा सरकारी पुरावा सादर करणारा पहिला माणूस आमच्या घराण्यातला निघाला, याचा मला थोडा अभिमानही वाटला.

आत मी ठरल्याप्रमाणे मधे घुसलो. पुढं अण्णा आणि स्वरांगी, मागं रेवती. अंधार असा की मास्कमुळं धुकं धरलेला चष्मा असला काय नि नसला काय. कुठूनतरी दार करकरलं, कुणीतरी हुंदका दिला, आणि एकदम प्लास्टिकच्या पट्ट्या फाडून यांत्रिक करवत घेतलेला एक रक्ताळलेला मनुष्य आमच्या अंगावर आला.

मी किंचाळलो. कुठल्या पट्टीत ते विचारू नका. स्वरांगी आनंदानं किंचाळली. अण्णा मात्र जागच्या जागी उभे. हलेनात, बोलेनात. माझ्या मनात पद्मिनीताईंचं यंत्र येऊन गेलं. तेवढ्यात अंधारात आवाज घुमला.

"चूक."

करवत बंद पडली.

"साफ चूक. यू. कम हिअर." आणि तो करवतवाला आला. खरंच आला. अण्णांच्या त्या आवाजात निम्मं पाटबंधारे खातं असतं आणि निम्मी राज्य नाट्यस्पर्धा. "आय सॉ द कर्टन मूव्ह. यू केम टू अर्ली! एन्ट्री फुकट घालवलीस की रे! गो बॅक. अगेन."

"गिरीश!" रेवतीनं माझा दंड गच्च धरला. "अण्णा बोलले! अरे, चूक म्हणाले!" आणि ती हमसून रडायला लागली. त्या बिचाऱ्या भुताला वाटलं, आपल्यामुळंच रडतेय. त्यानं मुखवटा वर सरकवून "सॉरी लव्ह, यू ओके?" असं विचारलं. आत एक विशीचा, गालावर मुरुमं असलेला भला मुलगा होता. अण्णांनी त्याला पुन्हा आत पाठवून दोनदा एन्ट्री करायला लावली. तिसऱ्या वेळी मी पुन्हा किंचाळलो, तेव्हा म्हणाले, "आत्ता कसं!"

मग त्यांना थांबवणं आमच्या हातात राहिलं नाही. पुढच्या खोलीत पांढऱ्या लग्नाच्या झग्यातली एक नवरी गळा काढून रडत होती. अण्णांनी तिच्यापुढं उभं राहून विचारलं, "हू डाइड?"

नवरी गोंधळली. "अं... मी?"

"देन व्हाय आर यू क्राइंग? रडायचं काम जिवंत माणसांचं. तू नुसती बस. त्यांच्याकडे बघ. तीन मोज. मग हस." इंग्रजी आणि मराठी त्यांनी मनसोक्त कालवली होती, पण नवरीला सगळं समजलं. तालमीची भाषा सगळीकडे एकच असावी.

खाटकाच्या खोलीत खाटीक प्रेक्षकांकडे पाठ करून उभा होता, तिथं तर व्याख्यानच झालं. तोवर आमच्या मागचा गट येऊन आम्हाला धडकला, त्याच्या मागचा त्याला, आणि भुतांच्या त्या घरात शनिवारच्या बाजारासारखी गर्दी झाली. मी धीरासाठी रेवतीचा हात घट्ट धरून उभा होतो. दिवे लागले तेव्हा कळलं, तो रेवतीचा नव्हता. हिरवा रेनकोट घातलेली, माझ्या आईच्या वयाची एक बाई होती. ॲथलोनहून आली होती म्हणे. मी माफी मागितली. ती म्हणाली, "सोडू नकोस बाळा, मलाही भीती वाटतेय."

दिवे लावले होते डर्व्हलानं. डर्व्हला म्हणजे या सगळ्या कारभाराची व्यवस्थापिका. पिवळं चमकतं जाकीट, हातात वॉकीटॉकी, आणि चेहऱ्यावर अशी शांतता की तिच्यापुढं करवतवाला बरा. तिनं आम्हाला मागच्या आपत्कालीन दारानं बाहेर काढलं. तिथं भुतांची चिप्स खायची जागा होती.

"युवर मॅनची जबाबदारी कुणाकडे आहे?" तिनं विचारलं. युवर मॅन म्हणजे आपल्याकडं "तो बाबा" म्हणतात तसं. अण्णा तेवढ्यात चिप्स खाणाऱ्या एका सांगाड्याला पाठीचा कणा ताठ ठेवण्याचं महत्त्व पटवत होते.

मी पुढं झालो. इतकी वर्षं परदेशात काढल्यावर माफी मागण्याच्या कलेत मी तरबेज झालोय. मी वयाचा दाखला दिला, महामारीचा दिला, संस्कृतीतल्या फरकाचाही दिला. डर्व्हला ऐकून घेत होती. आम्हाला पार्कबाहेर काढायचं की नुसतं दटावायचं, एवढंच तिच्या तोंडून यायचं बाकी होतं. माझ्या डोळ्यांसमोर परतीचा रस्ता दिसत होता, आणि गाडीत मागच्या सीटवर बसून पुन्हा ग्रँड म्हणणारे अण्णा.

तेवढ्यात ती नवरी झगा उचलून धावत बाहेर आली. "डर्व्हला! ते आहेत का अजून? मी तीन मोजले!" म्हणाली. "एक माणूस बूट टाकून पळाला!" पुराव्यादाखल तिच्या हातात बूट होता. "हसल्यावर पुढं काय करायचं ते विचारायचंय."

डर्व्हलानं बुटाकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि मोठा सुस्कारा सोडला. मग तिनं आपलं दुःख सांगितलं. शेवटच्या खोलीत शवपेटी आहे. तिच्यातून उठणाऱ्या माणसाच्या आईचा टेस्ट रिपोर्ट दुपारी पॉझिटिव्ह आला, त्यामुळं तो घरी गेलाय. लोक सगळ्या भीतीतून शेवटी येतात ते रिकाम्या पेटीपाशी, आणि "एवढंच?" म्हणून बाहेर पडतात. "शेवटचे गट उरलेत. तुमच्या युवर मॅनला जमेल का?"

अण्णांचे डोळे चमकले. मग त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. पेटीत शिरणं जमलं असतं, उठणं जमलं नसतं. त्यांनी मान वळवली, आणि तिथं मी उभा होतो.

"जावईबापू," ते म्हणाले.

"अण्णा, मी पडदेवाला आहे."

"कुणी आजारी पडलं की पडदेवाल्यालाच उभं करतात. माझी सुरुवात तशीच झाली."

हे मला त्यांनी पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. मी रेवतीकडे पाहिलं. ती नुसती बघत राहिली. अळणी भाजीच्या दिवशी जशी बघत होती, तशीच. स्वरांगी म्हणाली, "डॅड, प्लीज." मी चष्मा काढून तिच्या हातात दिला.

रंगभूषा अण्णांनी स्वतः केली. काळं आणि पांढरं फासून झाल्यावर ते थबकले. नारळ वाढवल्याशिवाय नट उभा करायचा नाही, हा त्यांचा नेम. आता वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर नारळ कुठून आणायचा? त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. कोपऱ्यात डोळे-दात कोरलेले भोपळे रचून ठेवले होते. अण्णांनी त्यातला सर्वांत देखणा उचलला, माझ्यावरून ओवाळला, आणि कुणी काही म्हणायच्या आत दारात आपटून फोडला.

"जीझस," डर्व्हला म्हणाली. तो भोपळा लहान मुलांच्या कोरीव स्पर्धेतला होता. पहिला आलेला.

मी हे भीतभीत अण्णांच्या कानावर घातलं. "पहिला?" ते हात झटकत म्हणाले. "ओळखीवर आला असणार."

आता शवपेटीविषयी. आत शिळ्या रंगाचा वास येतो, पाठीला लाकडाची फळी टोचते, आणि झाकण लागलं की जगात अंधाराखेरीज काही उरत नाही. अण्णा मागच्या काळ्या कापडाआड प्रॉम्प्टर होऊन बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "भीती वाटतीय?"

खोटं बोलण्याजोगी माझी परिस्थिती नव्हती. "फार," मी म्हणालो.

"मला ठाऊक हाय ते," कापडाआडून उत्तर आलं. "सांगलीत दिवे गेले की तुम्ही आमच्या कुत्र्याला हाका मारत बसायचा. वाटू दे. मी हितंच हाय."

इतक्या वर्षांची माझी लपवाछपवी पाण्यात गेली, आणि मला एकदम हलकं वाटलं.

पहिला गट आला. कापडाआडून "आता!" ऐकू आलं, मी झाकण ढकलून उठलो, समोर रबरी मुखवटा घातलेला एक पोरगा दिसला, आणि मीच बेंबीच्या देठापासून ओरडलो. प्रेतच घाबरलंय म्हटल्यावर त्या गटाची पाचावर धारण बसली, ती मंडळी आल्या वाटेनं परत पळाली. "अस्सल!" कापड म्हणालं. दुसऱ्या गटाला मी जरा सावकाश उठलो. तिसऱ्याला तर तीन मोजण्याइतका शहाणा झालो. माझं काम हळूहळू जमत होतं.

आणि मग खिशातला फोन वाजला.

त्या आठवड्यात ऑफिसची ऑनकॉल पाळी माझ्याकडे होती. आमचा एक ग्राहक म्हणजे रिंगास्किडी गावातला औषधांचा कारखाना. त्यांची सिस्टीम अडली की माझा फोन आगीच्या बंबासारखा बोंबलतो, आणि तो लगेच उचलावा लागतो. सवय ही अशी गोष्ट आहे की ती पेटीतही सुटत नाही. समोर एक गट श्वास रोखून उभा असताना शवपेटी बोंबलू लागली. मी झाकण सारलं, उठून बसलो, पांढऱ्याफटक तोंडानं फोन कानाला लावला आणि थकल्या आवाजात म्हणालो, "हाय, गिरीश हिअर. कॅन यू हिअर मी?"

मग जी आरोळी उठली, ती मी जन्मात विसरणार नाही. त्या गटातले दोघे आयटीतले असावेत, कारण सर्वांत मोठ्यानं तेच ओरडले. मेल्यानंतरही ऑनकॉल संपत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ओरडण्याचं हसू झालं, हसण्याच्या टाळ्या झाल्या, आणि कापडाआडून अण्णा मोठ्यानं म्हणाले, "वन्समोअर!"

रिंगास्किडीला पलीकडं काय ऐकू गेलं, हे त्यांनी सभ्यपणे विचारलं नाही. सिस्टीम मी पेटीत बसूनच सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं. आम्ही मोबाइल होमच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो. अण्णांनी घोट घेतला आणि कप लांब धरला. "ह्याला चहा म्हणायचा? कप विसळलेलं पाणी बरं ह्यापेक्षा. आणि काय ग रेवती, त्या न्हाणीघराचं दार लागत नाही, ते कुणाला सांगितलंस का नाही?" पुढं छपराचा आवाज, गाद्या, समुद्राचा रंग, सगळ्यांचा समाचार झाला. रेवती ऐकत होती आणि तिचा चेहरा फुलत होता. मला वाटलं, आपण जिंकलो.

मग सांगलीहून फोन आला. बाळूचा. बाळू म्हणजे अण्णांच्या संस्थेचा नेपथ्यवाला. अण्णांनी फोन स्पीकरवर ठेवला. "अण्णा, नाट्यगृह उघडलं बघा," बाळू म्हणाला. "पडदा धुवायला टाकलाय. कवा येताय?"

अण्णा समुद्राकडे बघत राहिले. तीन मोजले असतील. मग मला म्हणाले, "तिकीट बघा, जावईबापू. दिवाळी झाली की निघतो."

रेवतीनं कप खाली ठेवला. "अण्णा, आत्ता तर कुठं तुम्ही बरे झालात."

"म्हणून तर निघतोय," ते म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताखाली ती लहान मुलीसारखी रडली, आणि या वेळी त्यांनी तिच्या रडण्यातल्या चुका काढल्या नाहीत. मलाही भरून आलं. माणूस बरा व्हावा म्हणून आपण धडपडायचं, आणि बरा झाला की तो निघणार. औषधाच्या बाटलीवर हे कुठंच लिहिलेलं नसतं.

विमानतळावर आम्ही सगळे नको इतका वेळ उभे होतो. स्वरांगी त्यांच्या कोटाला बिलगली होती. शेवटी अण्णांनीच आवरतं घेतलं. "एक्झिट लांबवली की पब्लिक चुळबुळतं," म्हणाले. दोन पावलं गेले आणि वळले. भर विमानतळावर, बक्षीस समारंभाच्या आवाजात त्यांनी जाहीर केलं, "अभिनय, पुरुष विभाग. उत्तेजनार्थ. गिरीश!" आजूबाजूचे लोक थबकले. काहींनी, नक्की कशासाठी ते न कळताच, टाळ्या वाजवल्या. अण्णा मग मागं न बघता आत गेले. ओळखीवर मिळणारी बक्षिसं मी ऑफिसात बरीच घेतली आहेत. हे मात्र माझ्या गुणांवर मिळालं.

घरी आलो. खिडकीशी खुर्ची तशीच होती. खालून ट्राम एक घंटा वाजवून गेली आणि कुणीही आक्षेप घेतला नाही. रेवतीनं पानं वाढली. तिघंही खाली मान घालून जेवायला लागलो. मी पहिला घास घेतला. थांबलो. तीन मोजले. मग पोटातून आवाज काढून म्हणालो, "भाजी अळणी आहे!"

रेवतीनं चमकून वर पाहिलं. डोळे भरलेले होते, पण ती हसली, आणि मिठाची बरणी आणायला उठली.

स्वरांगीनं चमचा खाली ठेवला. आजोबांच्या खुर्चीकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा, जरा अडखळत का होईना, मला मराठीत उत्तर दिलं.

"बाबा," ती म्हणाली, "वाक्याचा शेवट खाल्ला."